भिंतींवर गेलेली पानं

८ जाने., गुरु.
डॉ. रेवतीच्या दातांच्या दवाखान्यात तीन प्रिंट लागले. गंगापूर रोड अख्खा खणलेला. रिक्षा दोनदा वळवली, मांडीवर काचेच्या फ्रेमा, जीव मुठीत. बसायच्या खोलीत मधोमध देवळाच्या शिखराचा उभा छेद, दोन्ही बाजूंना खांब. आधी तिला समुद्र आणि सूर्यास्त हवा होता. म्हटलं, दात दुखणाऱ्या माणसाला मोजत बसायला काहीतरी द्या, रेघा मोजेल. हसली. लावून झाल्यावर स्वतःच पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसली आणि बघत राहिली.

लोकांच्या भिंतींसाठी चित्रं निवडायचं हे काम मला जमतं. पन्नाशीत कळलं, पण कळलं.

अवीला फोन केला. "सांगितलं होतं ना, जुन्या प्रिंटला तोड नाही." बँकेतून रिटायर झाल्यापासून नवरा माझ्या कामात एवढा रस घेतोय, बरं वाटतं. प्रिंट तोच आणतो, मुंबईच्या कुणा म्हाताऱ्या संग्राहकाकडून. दिवाळीपासून अकरा झाले. त्या माणसाला एकदा भेटायला हवं.

१२ जाने., सोम.
चांदवडहून निकम आले. रिटायर्ड इंजिनियर, नवीन घर बांधलंय, हॉलची मोठी भिंत रिकामी. "मॅडम, ताजमहाल बिजमहाल नको. आमच्याकडचं काही असलं तर बघा." उरलेले चार प्रिंट पुढे ठेवले. त्यांनी एकच उचललं. डोंगराच्या पोटाशी पायऱ्यांची विहीर, कमानी, वर बारीक माणसं. खाली इंग्रजी नाव, पण डावीकडे अर्धं कापलेलं. शेवटची तीनच अक्षरं.

"हे चांदवडच ना? नाहीतर पाव्हणे यायचे आणि म्हणायचे, हे तर दुसरंच गाव."

शोधून सांगते म्हटलं. अवी आमच्या मंडळाच्या ग्रंथालयाचा चिटणीस. तिथे इंग्रजांच्या काळातलं देवळं-वाड्यांच्या चित्रांचं थोरलं पुस्तक आहे, कुलपात असतं. मी कधी पाहिलेलं नाही. त्यात सापडेल का विचारलं. म्हणाला, "ते बांधणीला दिलंय. आणि जाऊ नकोस तिथे, नुसती धूळ आहे."

१५ जाने., गुरु.
गेले.

मंदाताई एकट्याच होत्या. झाडणं, पुस्तकं पुसणं, कपाटांच्या किल्ल्या, सगळं त्यांच्याकडे. पेठ तालुक्यातल्या, बारा वर्षं इथे कामाला. म्हणाल्या, "बांधणीला? नाय मॅडम, कपाटातच हाय. साहेबांनी दिवाळीच्या आधी घरी नेलं व्हतं, मंग आणून ठेवलं."

घरी? आमच्या घरी मी ते पाहिलं नाही.

दोघींनी धरून टेबलावर ठेवलं. लिहिलेली पानं जागच्या जागी. चित्राच्या जागी दोन बोटं रुंदीची पट्टी, शिवणीला धरून उभी. पुढे परत पट्टी. फूटपट्टी लावून ब्लेड फिरवावं तशी सरळ कड. मोजल्या. अकरा.

पुस्तकाच्या सुरुवातीच्या यादीत चित्रांची नावं. चौथं, शिखराचा छेद: रेवतीचा दवाखाना. सातवं, हवेलीचं दार: वकिलांचं ऑफिस. मला प्रत्येक पान भिंतीसकट आठवत होतं. नवव्याच्या पट्टीवर नावाची पहिली अक्षरं राहिली होती. निकमांच्या प्रिंटवरची तीन अक्षरं त्यांच्यापुढे ठेवली की...

चांदवडच आहे.

मंदाताई, "काय झालं मॅडम? उंदरानं खाल्लं का?"
नाही म्हटलं.

१६ जाने., शुक्र.
विचारलं नाही. जेवायला वाढलं. त्याने गुळाच्या पोळीवर तूप मागितलं, तेही वाढलं.

फ्रेमवाले काका नोव्हेंबरात म्हणाले होते, "ताई, कागद जुना आहे पण कड ताजी दिसते." मी म्हटलं होतं, जुने प्रिंट असेच येतात. मोठ्या जाणकारीने म्हटलं होतं.

प्रत्येक फ्रेमच्या मागे कार्ड आहे. "खासगी संग्रहातून. निवड: वृंदा." माझं अक्षर, माझी सही.

१७ जाने., शनि.
सकाळी चहाच्या वेळी विचारलं. मुंबईचा म्हातारा कुठे राहतो?
"का गं?"
मी पुस्तक पाहिलं म्हटलं.

कप खाली ठेवला. वाटलं, नाही म्हणेल. म्हणाला नाही. "वृंदा, ते पुस्तक वीस वर्षांत कुणी उघडलेलं नाही. वाळवीने खाल्लं असतं. आता लोक रोज बघतात तरी."

म्हटलं, म्हणून तू कापलंस?

"तुझ्यासाठी केलं. तू सुरुवात केलीस तेव्हा काय होतं तुझ्याकडे? बाजारात मिळतात ती छापील फुलं. कोण बोलावत होतं तुला?"

एवढं लागलं ते. ब्लेडपेक्षाही. रेवतीकडची भिंत, वकिलांचं ऑफिस, कॉलेज रोडचे दोन फ्लॅट, तिथे माझ्या नजरेमुळे मला बोलावतात असं समजत होते मी.

आणि मग शांतपणे, "तूही कधी विचारलं नाहीस."

नाही विचारलं. खरंय. एकोणतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला, हे कुठून आणलंस, असं...

दुपारी कुठलं पान कुणाच्या भिंतीवर गेलं, त्याची यादी केली.

२१ जाने., बुध.
भिंतीवर गेलेले सात, घरात चार. सात परत आणायचे. दोन दिवस वणवण. चुकीचा प्रिंट आला होता, बदलून देते, असं सांगितलं. आता मीही खोटं बोलायला लागले.

वकिलांनी दोन लगेच काढून दिले, कारणही विचारलं नाही. कॉलेज रोडच्या एका बाईंनी एक दिला, पण तोंड वाकडं करून. दुसऱ्या घरी कुलूप. त्यांचे दोन तिथेच. रेवतीकडे पुस्तकातलं मधलं एकच, बाजूचे खांब माझ्या जुन्या कॅटलॉगमधले. ती ठाम. "अहो, मी सोफ्याचं कापड त्याच्यावरून घेतलंय. माझ्याकडचं नाही मिळणार." पुढे, "खोटं आहे का ते? मला खरं सांगा."
खरं आहे म्हटलं. फार खरं आहे.
एक आमच्याच भाच्याच्या ऑफिसात. तिथे जायचं धाडस झालं नाही.

अवी विचारत नाही कुठे जाते. मोजतो मात्र. टेबलावर सात झाले तेव्हा म्हणाला, "आणि घेऊन करणार काय? चिकटवणार?"

२४ जाने., शनि.
हे लिहून ठेवायला हवं.

मंदाताईंनी मंडळाच्या अध्यक्षांना सांगितलं की थोरल्या पुस्तकातली पानं गेलीत. कुणी विचारलं नव्हतं, आपणहून सांगितलं. किल्ली त्यांच्याकडे म्हणून त्यांनाच घरी बसवलंय. रविवारी, १ तारखेला सभा, तोवर यायचं नाही.

मला संध्याकाळी अध्यक्षांच्या मिसेसकडून भाजीबाजारात कळलं. "तुमच्या ह्यांनीच पत्र दिलं की तिला."

गुरुवारी अवी जेवणाच्या टेबलावर काहीतरी लिहीत बसला होता. मी त्याला चष्मा आणून दिला होता. तेच पत्र.

घरी येऊन विचारलं. "चिटणीस म्हणून सही करावी लागते. काढणार नाहीत तिला, ताकीद देतील. चार दिवसांत विसरतील सगळे."

पुस्तक कापलं ते माझ्यासाठी, समजा. हे कुणासाठी?

२७ जाने., मंगळ.
पंचवटीत मंदाताईंच्या खोलीवर. विचारत विचारत गेले. नवरा द्राक्षाच्या कामावर, त्या एकट्या तांदूळ निवडत होत्या. मला बघून हरखल्या. साहेबांनी पाठवलं असं वाटलं त्यांना.

"मी आधी साहेबांनाच सांगितलं व्हतं, मॅडम. ते म्हणले बघतो. चार-पाच दिस झाले, मंग अध्यक्षांना सांगितलं. साहेबांनी घरी नेलं व्हतं ते नाय बोलले, त्यांच्यावर कशाला आळ? माझं चुकलं का?"

नाही चुकलं म्हटलं.

"मला वाचाया येत नाय. ती चितरं कापून मी काय करू? कुठं लावू?" खोलीच्या भिंतीकडे हात केला. कॅलेंडर आणि आरसा. "तुम्ही बी त्या दिशी पाहिली ना पानं? तुम्ही सांगा सभेत. तुमचं ऐकतील."

चहा दिला. प्याले. सगळं सांगायचं म्हणून गेले होते आणि चहा पिऊन परत आले.

२९ जाने., गुरु.
निकम प्रिंट न्यायला आले. त्यांना सगळं सांगितलं. नवरा, पुस्तक, मंदाताई. का त्यांनाच, कळत नाही. परके म्हणून असेल.

म्हणाले, "मग मॅडम, माझी भिंत राहू द्या रिकामी. पण चांदवडचंच आहे ना? एकदा नीट बघू द्या."

खिडकीपाशी नेऊन बघत बसले. बोट कागदावर न टेकवता हवेतच फिरवत होते. "इथून आम्ही शाळेत जायचो. ही भिंत आता नाही." निघताना दारात म्हणाले, "त्या बाईचं काय करणार तुम्ही?"

अवी आत ऐकत होता. ते गेल्यावर बाहेर आला. पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. "परक्या माणसाला सांगितलंस? मी तुझा नवरा आहे, वृंदा."

हेच तर.

३१ जाने., शनि.
भाच्याकडचा आणला. आधी नऊ मोजले, पण आठच आहेत. चार घरातले, वकिलांचे दोन, कॉलेज रोडचा एक, भाच्याचा एक. नीट मोजताही येत नाहीये. कुलूपवाल्यांचे दोन आणि रेवतीचं राहिलं.

अवीने दुपारी हात धरला. "मंदाला मी दुसरीकडे काम बघून देतो. चांगलं. शब्द देतो." डोळ्यांत पाणी होतं. खरं होतं पाणी. त्याच्यावर विश्वास ठेवायची सवय इतकी जुनी आहे की क्षणभर ठेवलाच.

मग हात सोडवून घेतला.

१ फेब्रु., रवि.
ग्रंथालयाच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. अवी नऊलाच निघाला, "तू येणार नाहीस ना?" विचारून. अर्ध्या तासाने मी निघाले. आठ पानं दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून मांडीवर.

सभा सुरू झालीय. दार अर्धं उघडं. अवी मागच्या सभेचा वृत्तांत वाचतोय, बँकेत वाचायचा त्याच आवाजात, स्वल्पविरामाला थांबत. त्याला मी दिसत नाही.

मंदाताईंनाही बोलावलंय. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्यात. मला बघून सरकल्या, जागा दिली. पुठ्ठ्यांकडे बघितलं.

तिसरा विषय त्यांचा. पहिला संपत आलाय.

आत्ता जवळ वाकून हळूच म्हणाल्या, "मॅडम, साहेब बोलतील ना माझ्या बाजूनं?"