अडीच रुपयांच्या दोन नोटा

देवळी, १० ऑक्टोबर १९५५

प्रिय रुख्मिणी,

आजोबांनी एकाच मांडवात आपल्या दोघींच्या आयांना अडीच रुपयांची एकेक नोट दिली. आज तुमच्या नोटेची किंमत चाळीस रुपये आणि आमच्या नोटेची आठ आणे, हे कसे? मी बी.ए. आहे, तरी मला उत्तर येत नाही. पण आधी खुशाली विचारावी. तुझी प्रकृती बरी ना? तुझ्या सासूबाईंना नमस्कार. इकडे सर्व मजेत आहेत, मी सोडून.

‘तू शिकलेली, किंमत विचारून कळव’ म्हणून तू नोट पाठवलीस, तेव्हा मी आमचीही पेटीतून काढली. ती फार मळकट होती. (मी महिला मंडळात दर गुरुवारी स्वच्छतेवर बोलते, हे तुला ठाऊक आहे.) तिला रिठ्याच्या पाण्यात धुतले, सावलीत वाळवले आणि तांब्यात निखारे घालून इस्त्री केली. तुझी तपकिरीच्या डबीतली, कळकट, घडीवर पिवळी पडलेली. खरे सांगते, मला तुझी दया आली होती.

वर्ध्याचे कापडवाले ताराचंद शेठ जुन्या नोटा जमवतात. त्यांनी माझी नोट उजेडात धरली आणि विचारले, “बाई, हे नोट होय का धोतर? धुतली काऊन?” छापाचा रंग उतरला, कागदाचा कस गेला, आता आठ आणे. मग तुझी हाती घेतली आणि तपकिरीने शिंकले. पहिल्या शिंकेला पंचवीस म्हणाले, दुसरीला चाळीस. तिसरी येण्याआधी मी नोट काढून घेतली. (किंमत आणखी वाढली असती तर मला सोसली नसती.)

पैशावरून कशाचेही मोल ठरत नाही, असे मी बाबांना अर्धा तास समजावले. ते म्हणाले, “बरोबर हाय. चाळीस म्हने ना?” आल्यागेल्याला माझी पदवी दाखवणारे बाबा आता म्हणतात, “आमच्या रुख्मीची नोट पाहा!” परवा तर त्यांनी माझी पदवी चौकटीतून काढली आणि तिथे तुझी नोट बसवली. मी रडले तर म्हणाले, “बी.ए.चा कागद कोन चोरते वं? नोट चोरते.” पदवी सध्या शेवयांच्या डब्यात आहे.

नोट विकायची की ठेवायची, ते तुझे तू ठरव. माझ्या मनात काही नाही.

तुझी,
सुलोचना

ता. क. मनात आहे. बाबांना एक कार्ड टाक आणि लिही की नोटेची किंमत सुलोचनाने काढून दिली, तुमच्या गावात दुसऱ्या कोणाला जमले नसते. अक्षर मोठे काढ. ते पाहुण्यांना वाचून दाखवतात.

ता. क. दुसरा, ११ ऑक्टोबर. तुझ्यापासून लपवत नाही. काल मी तुझ्या नोटेसाठीही रिठे भिजत घातले होते. स्वच्छता सर्वांना सारखीच हवी, असे स्वतःला सांगत होते. आज सकाळी बाबा शेतावर गेल्यावर नोट चौकटीतून काढली, पाण्याजवळ नेली, आणि तपकिरीने मलाच शिंक आली. नोट तशीच, मळासकट, या पत्रात घातली आहे. पत्र रजिस्टरने करते आहे. रिठे वाया जाऊ नयेत म्हणून त्या पाण्याने चौकटीची काच धुतली आणि पदवी परत आत बसवली. तिला शेवयांचा वास येतो. पुसली नाही.