कणगीची खोली

५ एप्रिल १९९८, रविवार

आजपासून सापगावची झाले. लग्न फेब्रुवारीत झालं, पण पदवीच्या शेवटच्या वर्षाची परीक्षा होती म्हणून माहेरी मुरबाडलाच होते. आज शेखर न्यायला आला. शहापूरला उतरल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला, आईंसाठी फरसाण घेतलं, आणि रिक्षात बसल्यावर घराचं सगळं सांगत सुटला. पुढची ओटी आणि पुढच्या खोल्या विटांच्या आहेत, मागची बाजू अजून कुडाची. ती सगळी पाडून पक्की बांधायची, वर स्लॅब. माझी नणंद अनिता हिला वाशिंदचं स्थळ आलंय, आणि मुलाकडची माणसं मे महिन्याच्या शेवटी घर बघायला येणार आहेत. त्याआधी काम उरकायचं.

सासरे लगेच म्हणाले, सूनबाई शिकलेली आहे, ओटा कुठं, नळ कुठं, ते तिला विचारा. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. आईंनी ओल्या काजूंची भाजी केली होती. अनितानं तिच्या कपाटातला अर्धा खण मला रिकामा करून दिला.

१२ एप्रिल, रविवार

आज कौलं उतरवली. नातेवाईक सकाळपासून हजर. मजुरी कोणी घेत नाही, उद्या त्यांच्याकडे काम निघालं की आपण जायचं. आम्ही सगळे रांगेत उभे राहिलो आणि कौल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जात राहिलं. माझ्या बोटांची सालं निघाली तरी मजा आली.

सासऱ्यांची बहीण, जनीआत्या, किन्हवलीहून आल्या आहेत. दुपारी मला पुढ्यात बसवून वेणी घातली. असं मायेनं माझ्या केसांना कोणी बऱ्याच दिवसांत हात लावला नव्हता. सासऱ्यांचे धाकटे भाऊ चंदरकाका तानशाला एकटे राहतात, तेही आलेत. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी साप चावून गेली, असं अनिता म्हणाली. काका कामाला वाघ, पण बोलत नाहीत.

१९ एप्रिल, रविवार

मागच्या भिंती पाडल्या. शेणमाती खाली आली की आत कारवीच्या काठ्या दिसतात, बरगड्यांसारख्या. मधोमध एक खोली होती. तिच्यात भाताची कणगी असायची, खिडकी एकही नाही. तिच्यापाशी आल्यावर चंदरकाकांनी पहार खाली ठेवली आणि नदीकडे निघून गेले. शेवटी शेखर आणि सासऱ्यांनी दोर लावून ती भिंत ओढली.

भाताच्या खोलीला कडी बाहेरून कशाला, असं मी विचारलं. आई म्हणाल्या, उंदरांसाठी. मी हसले. कोणीच हसलं नाही. दाराच्या शेजारी आतल्या बाजूनं माती खरवडलेली होती, पार काठ्या उघड्या पडेपर्यंत.

२२ एप्रिल

एक गंमत. मागं आता मोकळं पटांगण आहे. तरी चुलीकडून मोरीकडे जाताना सगळे वळसा घालतात. जिथं ती खोली होती, तिथून कोणी जात नाही. शेखरला दाखवलं तर तो हसला, आणि ताट घेऊन स्वतःही वळसा घालूनच गेला.

दुपारी मी मुद्दाम सरळ गेले. कपाळ आपटलं. समोर काहीच नव्हतं. हात पुढे केला तर हाताला भिंत लागली, गार, ओलसर, नुकती सारवल्यासारखी. शेणाचा वास आला. मग पलीकडून कोणीतरी थाप मारली, माझ्या तळहाताच्या बरोबर समोर.

ऊन लागलं असेल, असं आई म्हणाल्या. त्यांनी मी कुठं आपटले ते विचारलं नाही.

२७ एप्रिल

आता रोज होतं. दुपारी सगळे जेवायला बसले की ठोकणं सुरू होतं. मला एकटीलाच ऐकू येतं असं वाटून मी घाबरले होते. आज मी ताटाकडे न बघता माणसांकडे बघत बसले. ठोकणं सुरू झालं तशी आईंची पळी आमटीत थांबली, मग त्या मोठ्यानं बोलायला लागल्या. सासऱ्यांनी रेडिओ वाढवला. जनीआत्यांनी डोळे मिटून घास गिळला. सगळ्यांना ऐकू येतं. त्यांना न ऐकण्याची सवय आहे.

संध्याकाळी विहिरीवर आत्यांना गाठलं. ठोकण्याचं विचारलं तर आधी नुसत्या पाणी शेंदत राहिल्या. मग कळशी खाली ठेवून म्हणाल्या, "माझ्याच लग्नाच्या दिशी झालं गो. गिरजावयनीला, चंदरच्या बायकोला, कोड फुटलेलं. हातावर, ओठावर. नवऱ्याकडच्यांनी पायलं असतं तं लगीन मोडलं असतं. म्हणून तिला कणगीच्या खोलीत बसवली. वयनी आपल्या पायानं गेली, कोणी ढकलली नाय. थोडा टाइम बस, जेवणं झाली की काढतो, असं बोललेले."

खोलीच्या पलीकडेच पंगतीच्या चुली पेटल्या होत्या. धूर कुडातून आत गेला. तिनं ठोकलं, हाका मारल्या. मांडवात ऐकू गेलं. वाजंत्रीवाल्यांना जोरात वाजवायला सांगितलं.

मी विचारलं, तुम्हाला ऐकू येत होतं का? आत्या म्हणाल्या, "मी बोहल्यावर होते गो. नवरीनं उठायचं कसं?"

साप चावला असं सांगायचं, हे नंतर ठरलं. ठरवताना चंदरकाकाही बसले होते.

४ मे

आत्यांशी बोलले त्याच रात्री शेखरला विचारलं. तो तेव्हा लहान होता, खरं. पण त्याला माहीत आहे. म्हणाला, आता ते उकरून कोणाचं भलं होणार, अनिताचं जमतंय ते बघ.

त्या रात्रीपासून मी त्याच्याशी कामापुरतंच बोलते. त्याच्या ते लक्षातही आलेलं नाही.

शहापूरच्या गवंड्यानं भिंती उचलल्या. त्याच जागी सासऱ्यांना सामानाची खोली हवी. चंदरकाका पहिल्यांदा तोंड उघडून बोलले, "तिला खिडकी ठेवा." सासरे म्हणाले, चोर येतील. खिडकी ठेवली नाही.

१२ मे

मनगटावर पांढरा डाग. चुन्याचा असेल म्हणून घासला. दगडानं घासला. रक्त आलं, डाग गेला नाही.

बांगड्या खाली ओढून घेतल्या.

१६ मे

आईंनी पाहिला. मी पीठ मळत होते. परात माझ्या पुढ्यातून ओढून घेतली आणि सगळं पीठ गुरांना घातलं.

शहापूरच्या डॉक्टरकडे जाऊया म्हटलं. शेखर म्हणाला, चोवीस तारखेला पाहुणे येऊन जाऊ देत. तोवर लांब बाह्यांचा ब्लाउज घाल. हे सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

मुरबाडला जाते म्हटलं. सासरे म्हणाले, आता गेलीस तर लोक विचारतील.

अनितानं माझ्या साड्या कपाटातून काढून खाटेवर ठेवल्या. नीट घडी करून.

२० मे

ओठावर आला. लांब बाह्यांचा उपयोग नाही आता.

स्लॅबच्या फळ्या काढल्या. घर छान झालंय. सगळे येऊन सांगतात, छान झालंय. नवीन खोलीला दार बसवलं. कडी बाहेरून. मी काही विचारलं नाही.

ठोकणं बंद झालंय. दोन्ही बाजूंनी कान लावून पाहिलं. ती आत नाही असं वाटत नाही — वाट बघत असल्यासारखी —

२४ मे, रविवार

मी आत आहे.

जनीआत्या हात धरून घेऊन आल्या. वेणी घातली होती सकाळी. म्हणाल्या, "थोडा टाइम बस गो, अंजू. अनिताचं जमू दे." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. हात मात्र घट्ट धरलेला. मी चालत आले. का आले? सगळे बघत होते, आणि शेखर — शेखरनं कडी लावली.

पाहुण्यांना सांगितलंय मी माहेरी गेले.

दाराखाली फट आहे. तिच्यातून उजेड येतो तेवढ्यात लिहितेय.

पाहुणे आले. घर बघतायत. किती मोकळं केलंत म्हणतायत. पावलं दारावरून गेली. ह्यात काय? सासरे म्हणाले, सामान.

मागं चुली पेटवल्यात. एवढ्या माणसांना गॅस पुरत नाही. वर स्लॅबखाली झरोका ठेवलाय, जाळी बसायची आहे. धूर तिथून —

पदर ओला करायला पाणी नाही.

ठोकलं. जरा हळू, पाहुण्यांना कळू नये इतकं. मीही त्यांच्यासारखीच. मग जोरात. शेखर म्हणून हाक मारली. पंगत एकदम गप्प. भांडी थांबली. मग आईंचा आवाज, वाढा, वाढा, जिलबी वाढा. टेप लावला कोणीतरी. वाढवला.

चंदरकाकांचे पाय. टाचा फुटलेल्या, ओळखले. दाराशी उभे राहिले. कडी हलली. काका, काढा. काका. सासरे म्हणाले, चंदर, पाणी वाढायला ये.

गेले.

खोकल्यानं हात —

मी ठोकायचं थांबवलं. ठोकणं थांबलं नाही. माझ्या खांद्यावरून कोणाचा तरी हात दारावर — तोही पांढरा — मला भीती वाटत नाहीये तिची. ती त्यांना हाका मारतेय. एकेकाचं नाव घेऊन. सगळ्यांना ऐकू येतंय. अनिता हसतेय, मोठ्यानं, थांबतच नाही —

शेखरचे पाय आले. नवे बूट. वाकला. त्याची बोटं दिसली फटीत. शेखर म्हटलं मी. तो म्हणाला, थोडा टाइम. हातात गोणपाट आहे. ओलं करून आणलंय. फटीत सारतोय, ह्या टोकापासून, आता फक्त