बरणीतली तिसरी शीर

ब्राह्मणपुरी, ता. १४ फेब्रुवारी १९३८

तीर्थरूप रतिलालमामांच्या चरणी भिलाचा नमस्कार. (सुतक कालच फिटले, तरी वर श्री घालायला हात धजला नाही.) तुमचा दमा कसा आहे? मामींच्या गुडघ्यांना उतार पडला असावा.

दमा उसळल्याने तुम्हाला तेराव्याला येता आले नाही, म्हणून हकीकत कळवतो. पितांबरदादांना घाम सुटायचा, छाती धडधडायची, चेहरा पांढराफटक व्हायचा. गावाने बाहेरचे म्हटले, इस्पितळातल्या डॉक्टरांनी उजव्या मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथीत गाठ आहे म्हटले. पोट उघडल्यावर पुस्तकातली एक शीर त्यांनी बांधली. पण मागून, जिथे काहीच असू नये तिथे, आणखी दोन होत्या. तिसरी दिसायच्या आत तुटली. दादा टेबलावरच गेले. ती ग्रंथी शिरांसकट बरणीत ठेवली आहे, हे मी घरी सांगून बसलो. चूक माझी.

दहाव्याला तापीकाठी प्रकाशा गावच्या घाटावर कावळा शिवेना. पिंडाजवळ येई आणि माझ्याकडे बघत बसे. भटजींनी (ऊन चढल्यामुळे) दर्भाचा कावळा करून उरकले. पण नर्मदावहिनी म्हणाल्या, "भाऊ, त्यास्ना जीव बरनीमा अडकेल शे. तेराव्याना आत लई या. नहीतर मीच जास."

बरणी आणायला इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी चहा मागवला. (सुतकामुळे मी घेतला नाही, त्यांनी दोन्ही कप संपवले.) बरणी पुढे ठेवली. खोलीत वारा नव्हता, तरी शिरेचे टोक आत हलत होते. मी डावीकडे सरलो, तेही डावीकडे वळले. (शाळामास्तराने खात्री करावी म्हणून उजवीकडेही सरून पाहिले.) डॉक्टर म्हणाले, "तुम्ही सख्खे भाऊ ना? ही दिली तर पुढच्या रोग्याला काय बघून कापू?" मी रिकाम्या हाताने परतलो आणि तापीत सोडून आलो म्हणून सांगितले. तेराव्याला पान ठेवायच्या आत कावळ्याने घास उचलला. वहिनी म्हणाल्या, "आते सुटनात." ज्याला खोटे कळायला हवे होते, त्यानेच ते मान्य केले. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

आपला,
भिला

ता. क. वहिनींना यातले काही कळू देऊ नये.

आणखी एक. डॉक्टर बरणी द्यायला शेवटी तयार झाले होते. नको, मीच म्हणालो. मलाही घाम सुटतो. त्यांनी तपासले, उजवीच बाजू आहे. पुढच्या आठवड्यात मंगळवारी टेबलावर घेणार आहेत. कागदावर वडीलधाऱ्याची सही लागते, तर दमा सांभाळून याल का? बरणी डॉक्टरांच्या नजरेसमोर ठेवायची अट मी घातली आहे. कुठे कापू नये, ते दादा दाखवतील.