घोंगडीतला बर्फ

१ डिसेंबर, रविवार. पहाट.

आजपासून रोज लिहिणार. पहाटे उठणार. चहा बंद. जयवंताबाईशी वाद बंद. बायको असली तरी वादात ती वकील आहे.

कारण मोठं आहे. काल संध्याकाळी माझी नात अक्षता घोंगडी पांघरून अभ्यासाला बसली होती. सातवीत आहे. एकदम मान वर करून म्हणाली, "आबा, घोंगडीत गरम कामून लागतं?"

या घरात मला कोणी काही विचारत नाही. मुलगा ओमप्रकाश मोबाईलला विचारतो. बायको देवाला विचारते. ही एकटी पोरगी मला विचारते. म्हणून उत्तर तिथल्या तिथं देऊन टाकलं. म्हटलं, बाई, घोंगडीत ऊब असते. मेंढी जन्मभर उन्हात चरते. ते ऊन लोकरीत मुरतं, आणि लोकर ते आपल्याला देते. आपल्या तीन पिढ्या मेंढ्यांमागं गेल्या, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पोरगी खूश. तिच्या ज्योत्स्ना मॅडमनी जाफराबादच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग शोधायला सांगितलाय. विषय तिथंच ठरला: घोंगडी. मार्गदर्शक: मी. शाळा चौथीत सुटली, पण पुढं सायकलच्या दुकानात जन्मभर विज्ञानच केलं. फक्त तेव्हा त्याला पंक्चर म्हणत होते.

थोड्या वेळानं: चहा घेतला. थंडी होती. उद्यापासून बंद.

२ डिसेंबर, सोमवार.

उठायला ऊन आलं. पांघरुणात विचार करत होतो, ते पण कामच.

अक्षताचं पुस्तक वाचलं. बल, गती, उष्णता. सगळं माहीत असलेलं. ज्याला ते घर्षण म्हणतात, ते ब्रेकचं रबर. पुस्तकवाले एवढ्याशा गोष्टीला केवढं पान घालवतात.

ठरवलं, एकदम घोंगडीवर जायचं नाही. आधी पाया. आधी बल, मंग गती, मंग उष्णता. कळस आधी बसवत नसतात.

३ डिसेंबर, मंगळवार. दुपार.

बल. नारळ आणि लिंबू घेऊन मी गच्चीवर. अक्षता खाली. शेजारचा सांडू न बोलावता आला. शेळ्या राखतो, बाकी त्याला कामधंदा नाही. वरून ओरडून सांगितलं की जड वस्तू आधी पडते, नीट बघा. सांडू म्हणाला, "सर्जेराव, नारळ माझ्या टाळक्यात घालून राह्यले का?"

सोडलं. दोन्ही एकदमच पडले.

परत सोडलं. परत एकदम.

डावा हात थोडा ढिला आहे माझा, नारळ उशिरा सुटला असणार. शिवाय वारा खालून होता. तिसऱ्या वेळेला नारळ फुटला आणि प्रयोग थांबवावा लागला. सांडूनं निम्मा नारळ खाल्ला. म्हणे, "विज्ञान लई गोड निघालं."

अक्षता वहीत काहीतरी लिहीत होती. काय लिहिलं विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई आबा, तुमचंच."

बरं वाटलं.

५ डिसेंबर, गुरुवार.

गती. टेबलावर कापड, कापडावर जयवंताबाईचे चिनी मातीचे कप. कापड ओढायचं, कप जागेवर राहायला पाहिजेत. पुस्तकात लिहिलंय, झटक्यानं ओढा. आता हे लिहिणाऱ्यानं कधी जयवंताबाईचे कप पाहिलेले नाहीत. मी हळू ओढलं. मायेनं.

कपही मायेनं माझ्यामागं आले.

जे फुटले त्यांच्याबद्दल जयवंताबाई जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी वाद घातला नाही. संकल्प पाळला. (तोंडच उघडू दिलं नाही, तो भाग वेगळा.)

नंतर अक्षतानं उरलेले कप परत मांडले, कापड खसकन् ओढलं. कप जागचे हलले नाहीत. मी म्हणालो, बघ, मी काय सांगत होतो! तिनं वही उघडली.

८ डिसेंबर, रविवार.

मुख्य प्रयोग. पोरीनं फ्रीजमधून बर्फाचे दोन सारखे तुकडे काढले. एक उघड्या ताटलीत. एक घोंगडीत गुंडाळून. मी सगळ्यांसमोर जाहीर केलं: घोंगडीतला आधी वितळणार. ऊब ती ऊब.

अक्षता म्हणाली, "मला वाटतंय उलटं होईल."

हसलो. लेकराला काय कळतं. ताटलीजवळ पाट टाकून बसलो, बसवेना, उठलो, अंगणात फेऱ्या मारल्या, परत बसलो. ओमप्रकाश दुकानात निघाला होता. म्हणाला, "बाबा, बर्फ पळून जाऊन राह्यला का?"

ताटलीतला पाणी झाला. घोंगडी उघडली. आतला तुकडा जसाच्या तसा. पाटलासारखा.

घोंगडी जुनी झाली. ऊब संपली असणार. एवढी वर्षं आम्हाला देऊन देऊन ती किती देणार?

१० डिसेंबर, मंगळवार.

उपाय सापडला. सांडूची नवी घोंगडी मागून आणली, आणि दोन्ही घोंगड्या दिवसभर कडक उन्हात टाकल्या. चार्जिंग. ओमप्रकाशचा मोबाईल रोज चार्जिंगला लागतो तर घोंगडीनं काय पाप केलं?

संध्याकाळी हात लावला. चांगली गरम लागली. खूश. बर्फ गुंडाळला.

नाही वितळला. म्हणजे वितळला, पण उघड्यावरच्यापेक्षा पुष्कळ उशिरा. नव्या घोंगडीतला तर अजूनच उशिरा.

जयवंताबाई म्हणाली, "आता घोंगडीला पण चहा पाजता का?"

चहा चालू केला. डोकं चालत नव्हतं.

११ डिसेंबर, बुधवार.

दवाखान्यातलं तापाचं थर्मामीटर आणलं. घडी केलेल्या घोंगडीत ठेवलं. पारा हलेचना. परत नेऊन कंपाउंडरला म्हटलं, तुमचं थर्मामीटर बाद आहे. त्यानं ते माझ्याच काखेत लावलं. बराबर चाललं. म्हणाला, "घोंगडीला ताप न्हाई काका, तुम्हीच तापलेले दिसता."

घरी आल्यावर अक्षता शेजारी बसली. म्हणाली, "आबा, घोंगडी गरम करतच न्हाई. ती फक्त अडवते. आतली उष्णता बाहेर जाऊ देत न्हाई, बाहेरची आत येऊ देत न्हाई. लोकरीत हवा अडकून राहते ना, तिच्यामुळं. गरम तर आपणच असतो."

म्हणजे इतकी वर्षं मी घोंगडीला गरम करत होतो! आणि आजा, पणजा सगळे मेंढ्यांमागं थंडीत फिरले ते घोंगडीला ऊब द्यायला?

पटलं नाही. विचार करतो म्हणालो.

१३ डिसेंबर, शुक्रवार.

पोरगी मला काही विचारत नाही. परवापासून बघतोय. "आबा, हे असं कामून?" बंद. शाळेतून येते, मॅडमनी काय सांगितलं ते सांगते. मॅडम म्हणतात, आधी प्रत्येकानं अंदाज सांगायचा, मंग करून पाहायचं, चुकलं तरी चालतं. चुकलं तरी चालतं! आमच्या दुकानात चुकलेलं चालत नव्हतं, सायकलच चालायची नाही.

दुपारी ओमप्रकाशचा मोबाईल घेऊन तिला काहीतरी शोधताना पाहिलं. माझ्यासमोर. मी तिथंच बसलेलो.

अंगणात फेऱ्या मारल्या. गच्चीवर गेलो. खाली आलो. काही कारण नव्हतं.

१६ डिसेंबर, सोमवार.

निर्णय. प्रदर्शनात मी गप्प राहणार नाही. आजोबा म्हणून नाही, मार्गदर्शक म्हणून जाणार. प्रयोग पोरीच्या पद्धतीनं होऊ दे, पण ऐनवेळी काही बिघडलं तर सांभाळायला अनुभवी माणूस पाहिजे.

इस्त्रीचा सदरा काढून ठेवला.

२० डिसेंबर, शुक्रवार. जाफराबादहून आल्यावर.

लिहितो. थोडा दम लागलाय.

सकाळी जीप. ज्योत्स्ना मॅडम पुढं, आम्ही मागं. अक्षतानं जुन्या घोंगडीत गुंडाळलेला बर्फ माझ्या मांडीवर दिला. म्हणाली, "आबा, उघडू नका बरं का."

उघडणार नव्हतो. पण जीप हलायला लागली तसं मन पण हलायला लागलं. घरची गोष्ट वेगळी होती. इथं हादरे, इंजिनची धग, माणसं एकमेकांवर रेललेली. अशात घोंगडी जागी झाली तर? सगळी मेहनत पाणी. पोरगी खिडकीबाहेर बघत होती. मी हळूच भाकरीचा डबा रिकामा केला. (भाकरी खाल्ली.) बर्फ काढून स्टीलच्या डब्यात ठेवला. थंडगार डबा. बर्फाला आपलं घर मिळाल्यासारखं वाटलं असेल. कोणाचा धक्का लागू नये म्हणून डबा छातीशी घट्ट धरून बसलो. अगदी जाफराबादपर्यंत.

हॉलमध्ये टेबलावर डबा उघडला.

पाणी. गार होतं, पण पाणी.

पोरीनं डब्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं. मी म्हणालो, जीपवाल्यानं फार हळू आणली. तरी तिचे ओठ थरथरले, ते मला दिसलं. त्या वेळी मला डब्यासकट जमिनीत जावंसं वाटलं.

मंग तिनं दप्तर उघडलं. आत सांडूची नवी घोंगडी. तिच्यात बर्फाचा तुकडा, जसाच्या तसा. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "मला वाटलंच होतं आबा, तुम्ही काढताल."

डबा मागं सरकवून ठेवावा म्हणून उचलला, तर तिनं हातातून घेतला आणि बर्फाशेजारी मांडला. वर खडूनं पाटीवर लिहिलं: दोन तुकडे घरून बरोबर निघाले.

परीक्षक आले. म्हातारे गृहस्थ. पाणी बघितलं, बर्फ बघितला, फार हसले. विचारलं, मार्गदर्शक कोण? मी पुढं झालो. अक्षता म्हणाली, "हे माझे आबा. हे सांगतील त्याच्या उलटं करून पाहायचं, मंग बराबर येतं."

हॉलभर हशा. परीक्षकांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

दुसरा नंबर. मॅडम म्हणाल्या, "आबा, तुमच्या डब्याशिवाय नंबर आला नसता." हे खरं आहे. लिहून ठेवतो.

२२ डिसेंबर, रविवार.

गल्लीत सगळे अक्षताला विचारून राह्यले. डाळीचं पातेलं कशात गुंडाळू म्हणून जयवंताबाईनं तिला विचारलं. ओमप्रकाशनं मोबाईल बाजूला ठेवून तिला विचारलं, की दुपारी दुकानाचे पत्रे इतके कामून तापतात. मला कोणी काही विचारलं नाही.

पहाटे उठलो होतो. उठून करायला काही नव्हतं.

२३ डिसेंबर, सोमवार. ऊन.

समोर सांडूच्या दोन शेळ्या उन्हात बांधलेल्या. एक काळी, एक पांढरी. बघता बघता डोक्यात आलं, यांच्यात जास्त कोणती तापत असेल? सकाळभर डोक्यातून जाईना. गच्चीवरून बघितलं, खालून बघितलं. शेवटी अक्षताला हाक मारली आणि विचारलं. या घरात मी कोणाला काही विचारायची ही पहिलीच वेळ.

हसली नाही. पेन्सिल घेऊन शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आधी तुमचा अंदाज सांगा आबा."

फार बरं वाटलं. नीट विचार केला. शेळ्यांकडं परत एकदा बघून घेतलं. म्हणालो, पांढरी. उन्हात चमकते बघ कशी.

"बरं," म्हणाली, आणि वहीत लगेच लिहिलं: काळी.

उठून शेळीला हातसुद्धा लावून पाहिला नाही.