काळ्या तिखटातली खसखस

४ मे, सोमवार

दुबईत खसखस चालत नाही. नुसती नाही, मसाल्यात कुटलेली असली तरी नाही. तिथे ती अमली पदार्थांत मोजतात. (पेपरात कधी ‘अमली’ छापतात, कधी ‘अंमली’. मी ‘अमली’ लिहितो.)

आज एजंटच्या ऑफिसात आम्हा जाणाऱ्यांना बसवून हे सांगितलं. मी चोवीस तारखेला जाणार, एका हॉटेलात कपडे शिवायला. बाकीचे हसले. एकजण म्हणाला, “मग आनारसं बी बंद का सायेब?” मला हसू आलं नाही.

कारण शेजारचा अभिमन्यू गुरुवारीच गेला. त्याची आई, रंभाबाई मावशी, चिकुनगुनियाने हात धरल्यामुळे यंदा काळं तिखट करू शकल्या नाहीत. म्हणून आईने आमच्या डब्यातलं काढून, पिशवीला गाठी मारून त्यांच्याकडे दिलं. “लेकरू परमुलखात जातंय, अळणी खाईल व्हय?” असं आईचं म्हणणं. मावशी म्हणाल्या, “लई माया गं तुझी, मीनाबाई.”

घरी येऊन आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, यंदा तिखटात खसखस किती घातलीस? म्हणाली, “दरसालाएवढीच की. का रं, कमी पडली?”

५ मे

अभिमन्यूचा फोन बंद. मेसेजला एकच टिक.

मावशींना जिन्यात गाठलं. “मुंबईतनं केलता, विमानात बसतोय म्हनून. तिकडं नवं कार्ड घ्यावं लागतंय म्हनं.” त्या निवांत होत्या. गवार निवडायला घेऊन गॅलरीत बसल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

६ मे

मामाचा नवनाथ इथल्याच होटगी रोडच्या विमानतळावर साफसफाईला आहे. त्याला चहा पाजला आणि विचारलं, मशीनमध्ये तिखट ओळखू येतं का?

“का रं भूषण, बाँब न्हेतूस का काय?” मग माझं तोंड बघून नीट बोलला. “हितं चाकू, काडेपेटी बघत्यात. खोबऱ्याची वाटी काढून ठेवत्यात, पेट घेती म्हनं. तिखट तर लोकं पोत्यानं न्हेतील. पर तितं उतरल्यावर काय बघत्यात, मला काय ठाव? मी कुटं गेलोय तितं.”

म्हणजे इथे खोबरं धोक्याचं आणि तिथे खसखस. दोन्ही एकाच तिखटात.

माझं मत लिहून ठेवतो. विमानतळावर माणसाचा पट्टा काढतात, बूट काढतात, पाण्याची बाटली टाकायला लावतात. हे बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण जी वस्तू नेल्यामुळे माणूस पुढच्या देशात तुरुंगात जाऊ शकतो, ती त्याच्या पिशवीत आहे का हे इथे कोणी विचारत नाही. विमानाला धोका असेल तर तपासणी. माणसाला धोका असेल तर त्याचं तो बघेल.

७ मे

एकच टिक.

८ मे, शुक्रवार

आईला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण ती माझ्या बॅगेसाठी तिखट भरायला बसली होती.

आधी तिला पटेना. “खसखस म्हंजी काय गांजा हाय व्हय रं? बाळंतिणीला खीर देतो आपण.” मी मोबाईलवर दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “म्हंजी माझ्यामुळं धरलं आसंल त्याला?”

रात्री जेवली नाही.

९ मे

दुकानात दोन शर्टांच्या कॉलर उलट्या लावल्या. आजवर असं झालं नव्हतं.

दिवसभर एकच चित्र. साहेब अभिमन्यूला विचारतो, हे कोणी दिलं? तो सांगणार, शेजारच्या मीनाबाईंनी. खोटं कशाला सांगेल? मग माझ्या पासपोर्टवर त्याच मीनाबाईंचं नाव. मलाही अडवतील. नोकरी गेली तर गेली, पण आईचं नाव तिकडच्या पोलिसांच्या कागदावर!

हे लिहिताना कळतंय की मी स्वतःचाही विचार करतोय.

१० मे, रविवार

विहारात वंदनेला गेलो. लक्ष नव्हतं.

परतताना किराणा दुकानात थांबलो. बरणीभर खसखस, काजूच्या शेजारी. मालकाला म्हटलं, ही अफूच्या बोंडातली, माहीत आहे का? तो म्हणाला, “घ्यायची तर घे, मास्तरकी नगं करू.”

हा धंदा मला कळत नाही. सरकारच काही राज्यांत अफू पिकवायचा परवाना देतं. आपल्याकडे कोणी वाफ्यात लावली तर पोलीस उपटून नेतात, माणसालाही नेतात. तिचंच बी दुकानात उघड्यावर. आणि तेच बी समुद्रापलीकडे गुन्हा. कायदा कडक असावा. पोरं नशेत वाया जाताना मी आमच्याच गल्लीत बघितली आहेत. पण कडक कायदा आधी सांगावा. आमच्यासारख्यांना कळेल अशा भाषेत, पासपोर्ट हातात देतानाच सांगावा. एजंटला वाटलं म्हणून मला कळलं. अभिमन्यूचा एजंट वेगळा. त्याला कोण सांगणार होतं?

आप्पांना सगळं बोललो. वडील फार बोलत नाहीत. म्हणाले, “आजच्या आज रंभाबाईला सांग. दुसरीकडनं कळलं तर आयुष्यभर तुज्या आईकडं बोट करतील.” मी म्हटलं, उद्या. “तुजं उद्याच आसतंय.”

११ मे

दाराशी गेलो आणि परत आलो. आत मावशी फोनवर कोणाशी तरी हसत होत्या. हसणाऱ्या बाईला हे कसं सांगायचं?

आई दोन दिवस गॅलरीत जात नाही. मावशी दिसतील म्हणून. उद्या नक्की सांगणार.

१२ मे, मंगळवार

सांगितलं.

मावशी घाबरल्या नाहीत. खाली बघून म्हणाल्या, “अभिमन्यू बरा हाय. कालच फोन आलता, कंपनीनं कार्ड दिलं.” मग मोरीशेजारच्या फळीवरून पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. आईने मारलेल्या गाठी तशाच. “त्यानं न्हेलंच न्हाई. तुमच्या घरचं आमच्यात चालत न्हाई रं, बाळा. तोंडावर कसं म्हनायचं? मीनाबाईला बोलू नगं.”

पिशवी रस्त्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून घरी आलो. आईला म्हटलं, सामानाचं वजन जास्त झालं म्हणून तिखट मागे राहिलं, अभिमन्यू सुखरूप आहे. तिने हात जोडले. चार दिवसांनी नीट जेवली. आणि लगेच सुपात मिरच्या घेऊन बसली.

“ह्या वक्ताला खसखस घालत न्हाई. तू जाताना घिऊन जा त्याच्यासाठी.”

मी हो म्हणालो.