बाभळीचा ओंडका अन् सात टनाची मशीन

५ नोव्हेंबर, बुधवार
बांधावरची बाभूळ वादळानं पडली. मारुतीच्या पारावर सगळ्याईसमोर सांगून आलो, २१ डिसेंबरच्या रोडग्याच्या पंगतीले लाकूड नत्थुजीचं. कणकेचे रोडगे गोवऱ्यावर भाजतात, पण वरण अन् वांग्याची भाजी लाकडावरच. शब्द म्हणजे शब्द.

६ नोव्हेंबर
सकाळीच पुंजाजी कुऱ्हाड घेऊन दारात. चाळीस वर्षं माहं लाकूड हाच फाडते. म्हणे नत्थुभाऊ, ओली हाय तोवर फाडू, बाभूळ वाळली की लोखंड. तुमी सावलीत बसा, आता तुमच्यानं होत नाई.
माह्यानं होत नाई? हाकलला. लाकूड फाडायची मशीनच आणतो.

९ नोव्हेंबर
अमरावतीले पोराले, विपुलले, फोन केला. म्हणे बाबा, हातानं दाबायची घ्या. हातानंच करायचं तं मशीन कायले? म्हणे मंग करंटवाली घ्या, किती टनाची पाह्यजे? म्हटलं लाकूड फाडायचं हाय, तोलायचं नाई. हसला. फोन ठेवून देल्ला.

१४ नोव्हेंबर
अकोल्याले गेलो. दुकानदार पाच टन, सात टन, बारा टन करत बसला. ओंडका किती लांब, किती जाड, गाठी किती. म्हटलं मशीन इकतं का सोयरीक जुळवतं? चहा न घेता परत.

२ डिसेंबर
ठरलं. सात टन, करंटवाली. विपुलनं मोबाइलवर मागवली. घरवाली कौशल्या म्हणे ओंडक्याचं माप तं घ्या. इले काय समजते मशीनीतलं!
बाभूळ मस्त वाळून राहिली. वाळलेलं लाकूड कधीबी चांगलं.

११ डिसेंबर
मशीन नाई आली. पंगतवाले महादेवराव इचारत होते, लाकूड कधी? म्हटलं वीसले पोचते. पुंजाजी बाजूलेच बसला होता. कुऱ्हाडीची धार पाहत होता. त्या कुऱ्हाडीचाच राग येते.

१९ डिसेंबर
आली एकदाची! लाकडाच्या पेटीत. पेटी मजबूत.
मशीनीत दीड फुटाचाच ओंडका बसते. माहा चार फुटाचा. फोनवर विपुल म्हणे, पह्यले कापा! करवतवाला आणला. एक तुकडा निघाला अन् पातं तुटलं. म्हणे हे लाकूड हाय का रेल्वेचा रूळ? तुकडा मशीनीत टाकला. गुरगुरली. थांबली.

२० डिसेंबर
विपुल म्हणे गाठीच्या लाकडाले बारा टन जोराची पाह्यजे होती. आता सांगते लेकाचा!
कौशल्या म्हणे पुंजाजीले बोलवा. नाई बोलावलं. त्याच्या गल्लीतून दोनदा गेलो. काम होतं.

२१ डिसेंबर, रविवार
पंगत. चुलीत बाभूळ धडधड जळून राहिली. पुंजाजीनं सोताच्या अंगणातली आणून टाकली, नोव्हेंबरातच फाडलेली. भोंग्यावर महादेवराव सांगे, लाकूड नत्थुजीकडून. तसं सांगा म्हणून पुंजाजीनंच सांगतलं होतं. माह्यावर उपकार! लय राग आला. चार रोडगे खाल्ले.
तसं माह्या घरचंबी लाकूड होतंच. कौशल्यानं मशीनीची पेटी पाठवली होती. पुंजाजीनं टाच मारून फोडली. म्हणे नत्थुभाऊ, हे बरं फाटलं.
म्हणजे शब्द पाळला.
येत्या साली बारा टनाची घेतो. पेटीबी मोठी येईन.