पांढऱ्या धुराचे अनुमान

नंदाखाल, शनिवार, सायंकाळ.

आमच्या मोटरहोमचे, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीचे, डिझेल इंजिन पांढरा धूर सोडत होते. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची पातळी आठवडाभर उतरली नाही. म्हणून कूलंटला इंजिनात शिरू न देणारे गॅस्केट शाबूत, दोष डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचा, असा निष्कर्ष मी काढला आणि मुलाला नातींसह त्याच गाडीने घाटाकडे जाऊ दिले.

आता पत्नी म्हणते, "केळींना पाणी घालताना गाडीच्या त्या कूलंटच्या टाकीतही रोज ओतत होते. कमी दिसायचं ना!"

म्हणजे पाणी इंजिनातच जात होते. तो पांढरा धूर म्हणजे त्याचीच वाफ! मी तिला एकदा तरी का विचारले नाही?

चौथ्या प्रयत्नात मुलाला फोन लागला. "बाबा, तापमानाचा काटा लालवर गेलाय. चढ संपला की थांबतो."

"आत्ता थांब!" त्याने ऐकले का? तेव्हापासून फोन बंद. पत्नी आत दिवा लावते आहे. तिला मी काहीच सांगितलेले नाही.